उभ्या मिरचीचं बी

"फुकट दिलंत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती," जगदीशशेठ म्हणाले आणि हातातला काळा ट्रे त्यांनी ओट्यावर आपटला.

रोपं करायचा ट्रे होता तो. त्याच्या शंभर खळग्यांत ओली माती होती आणि एकाही खळग्यात हिरवा ठिपका नव्हता. सोनुबाईचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला.

"वीस दिवस झाले. माळी रोज पाणी घालतोय, एक कोंब नाही! बी भाजून दिलंत का काय, काकी? म्हणजे आमच्याकडे मिरची व्हायला नको आणि ठेचा तुमच्याच हातचा राहायला पाहिजे. असंच ना?"

स्वयंपाकघरात तिच्यासोबत काम करणाऱ्या तिघी होत्या. ठमीनं भांडी घासायची थांबवली. नंदानं मान खाली घातली. हर्षला वयानं लहान, तिच्या तोंडून हसू निसटलं. शेठ आले तसे निघून गेले. सोनुबाईला बोलायचं खूप होतं, पण संतापानं तिची जीभच उचलली नाही आणि तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपून गेली.

कळंबच्या अलीकडे ओढ्याकाठी जगदीशचं रिसॉर्ट. शनिवार-रविवार पाहुणे यायचे आणि सोनुबाईची चुलीवरची भाकरी नि ठेचा मागून मागून खायचे. ठेचा तिच्या परसातल्या उभ्या मिरचीचा. ही मिरची इतर मिरच्यांसारखी खाली लोंबत नाही, आभाळाकडे तोंड करून वाढते. बोटाच्या पेराएवढी, पण शहरातला गडी पहिल्या घासाला पाणी मागतो आणि डोळे पुसत दुसऱ्या घासाला पुन्हा हात पुढे करतो. बी सासूच्या वेळचं. मिरच्या झाडावरच लालबुंद होऊ द्यायच्या, सावलीत वाळवायच्या, बी राखेत चोळून डब्यात ठेवायचं. कुणी मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही आणि बियाचा पैसा घ्यायचा नाही, ही इथल्या बायकांची रीत.

जगदीश काही परका नव्हता. त्याची आजी याच घरातून पदरात बी बांधून घेऊन गेली होती, आणि तिचं लुगडं धरून, नाक ओढत हाच जगदीश उभा होता. नवी नवरी असलेल्या सोनुबाईनं त्याच्या हातावर गूळ ठेवला होता. तोच आता शेठ झाला. दसऱ्याच्या आधी बी मागायला आला तेव्हा पाचशेची नोट पुढे केली. तिनं ती हसून परत केली. घेतली असती तर बाई सचोटीची ठरली असती. घेतली नाही म्हणून लबाड! हा कुठला न्याय?

"जाऊ द्या ना आई," संध्याकाळी सून निशिगंधा म्हणाली. ती कर्जतला कापडाच्या दुकानात कामाला होती, रोज दहा जणांचं ऐकून घ्यायची तिला सवय होती. "शेठ लोक बोलतात. तुमचं काम जाईल उगाच."

"कामाला लागू दे आग. भाजकं बी दिलं म्हनला गं मला. तीन बायांच्या म्होरं."

यंदाच्या पावसात परसात पाणी तुंबलं आणि उभ्या मिरचीची सगळी झाडं मुळाशी कुजून गेली. हाती लागल्या त्या कोवळ्या मिरच्या तिनं मिठात घालून रिसॉर्टच्या ठेच्याला दिल्या होत्या. राहिलं होतं ते डब्यातलं बी, त्यातलंही अर्ध्याहून जास्त जगदीशच्या पुडीत गेलेलं. सोनुबाईनं डबा ताटात रिकामा केला, राख फुंकली आणि एकेक बी बोटानं सरकवत मोजलं. त्रेचाळीस बिया भरल्या.

थंडी पडली की मिरचीचं बी सुस्त होतं, आठ आठ दिवस हलत नाही. त्याला सासूचा एक उपाय होता. बी ओल्या फडक्यात बांधायचं आणि पुरचुंडी कमरेला खोचायची. अंगाची ऊब लागली की मोड येतात. सोनुबाईनं तेच केलं. भात झोडताना, पाणी भरताना, निजतानासुद्धा पुरचुंडी कमरेला. फडकं सुकायच्या आत पुन्हा भिजवायचं. लुगडं एका बाजूला कायम ओलं, पहाटे थंडीनं अंग काकडायचं, तरी तिनं गाठ काढली नाही. शनिवार आला, पण ती कामाला गेली नाही.

रविवारी उजाडताच तिनं उंबऱ्यात बसून फडकं उलगडलं. पांढरे, सुईच्या टोकासारखे मोड! मोजले तर एक्केचाळीस. दोन बिया तेवढ्या तशाच होत्या.

"सगळं कशाला नेताय?" निशिगंधा म्हणाली. "निम्मं वाफ्यात लावा, निम्मं दाखवा."

"निम्मं नेलं तर म्हनंल, चांगलं तेवढं निवडून आनलंन म्हातारीनं."

रिसॉर्टच्या फाटकाशी गजा वॉचमन होता, तिच्याच आळीतला. तिनं त्याला फडकं दाखवलं, काय घडलं ते सांगितलं. गजा विचारात पडला.

"काकी, लाल दोऱ्याची पुडी व्हती का ती?"

"व्हय. मीच बांदलेली."

"मंग ती तर शेटच्या गाडीत पडल्याली, म्होरच्या काचंपाशी. आख्खा ऑक्टोबर. गाडी ही अशी उन्हात, आन् मी रोज पुसतोय. मला नाय तर कुनाला म्हाईत?" मग तो हळूच म्हणाला, "माजं नाव नको घेऊस पन."

ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीच्या काचेखाली हात टेकवत नाही, तिथं ते बिचारं बी महिनाभर पडलं होतं. म्हणजे बी भाजलंच होतं, आणि ज्यानं भाजलं तोच तिच्यावर आळ घेऊन मोकळा झाला होता.

सोनुबाई तडक मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात गेली. जगदीश पलीकडच्या मांडवात पाहुण्यांच्या नाश्त्याकडे बघत होता. दहा वर्षं ती त्याला शेठ म्हणत आली होती.

"जगदीश, हिकडं ये."

मांडवातल्या चार-पाच माना वळल्या. जगदीश कसनुसं हसत आत आला. तिनं ओट्यावर फडकं पसरलं. ठमी, नंदा, हर्षला कामं टाकून जवळ आल्या.

"मोज," सोनुबाई म्हणाली. "तुला दिलं त्याच डब्यातलं बी. तुजी पुडी गाडीत काचंपाशी भाजली, महिनाभर. कुनी सांगितलं ते इचारू नको. तुज्या तुला आठव."

त्याला आठवलं. चेहऱ्यावर दिसलंच ते. पण मग त्यानं तोंडभर हसून टाळी वाजवली.

"अरे वा! मग मिटलं की काकी. द्या, आता हेच लावू ट्रेमध्ये. पाहुण्यांनाही दाखवता येईल, कमरेला बांधून मोड आणलेत म्हणून."

"आदी म्हन, माजं चुकलं. ह्या तिघींच्या म्होरं म्हन. त्यांच्याच म्होरं मला बोललास."

"किती मनावर घेता, काकी! गमतीत बोललो असेन."

"गमतीत ट्रे आपटलास?"

मांडवातून कुणीतरी विचारलं, "शेठ, आज तो ठेचा नाही का?" जगदीशला सुटका मिळाली. "आलो, आलो! ठेवा तिथंच काकी, माळ्याला पाठवतो," म्हणत तो गेलासुद्धा.

दोन शब्द. याच्या आजीला पदरभर बी दिलं होतं या घरानं, आणि याला दोन शब्द जड झाले. सोनुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण या वेळी जीभ जागेवर होती.

"ठमे, रुमाल भिजव. नंदे, तू बी. हर्षला, ये म्होरं."

हर्षला मान वर न करता आली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. सोनुबाईनं एकेक मोड नखानं अलगद उचलला. चौदा ठमीला, चौदा नंदाला, तेरा हर्षलाला.

"सोनू, तुला?" ठमीनं विचारलं. ती डोंगरावरच्या वाडीतली, सोनुबाईच्याच वयाची. "तुज्या वाफ्यात काय लावशील?"

"मला रोपं नको, साक्षीदार पायजेत. तुमच्या परसात वाढू दे. कुनी इचारलं तर सांगा, सोनुबाईचं बी हाय, जित्तं दिलेलं."

"तवाच बोलाय पायजे व्हतं मी," ठमी म्हणाली. "भ्यायले."

माळी आला तेव्हा फडक्यात मोड न आलेल्या दोन बिया होत्या. "ह्या तुज्या शेटला दे," सोनुबाई म्हणाली आणि हात धुऊन घरी निघाली.

पुढच्या आठवड्यात ती कर्जतच्या बाजारात गेली. वांगी घेतली, गवार घेतली. भाजीवाल्यानं पैसे घेतले आणि नेहमीच्या सवयीनं कोथिंबिरीच्या दोन काड्या नि मूठभर हिरव्या मिरच्या पिशवीत टाकल्या. घरात चाळीस वर्षांत बाजारची मिरची आली नव्हती. सोनुबाईनं त्या बाहेर काढून त्याच्यापुढे धरल्या.

"ह्यांचे किती?"

"मावशी, त्याचे कसले पैसे? वरून दिल्या."

"किती, म्हनलं."

तो तागडी बाजूला ठेवून वळला. "पाच द्या मग," म्हणाला.

तिनं कमरेचा बटवा सोडला, पाचाचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं, त्यानं मूठ मिटेपर्यंत थांबली, आणि मगच मिरच्या पिशवीत टाकल्या.