सुनेची उत्तरं

दोन्या कासिल्दांनी हातातली पळी तशीच धरून दार जेमतेम फटीएवढं उघडलं.

"आज काय विकायला आणलंय?"

"काही नाही, दोन्या," बाहेरची बाई अदबीने म्हणाली. "मी रेमेदिओस. दवाखान्यातून आलेय, यारेलीला भेटायला."

"तिला काय धाड भरलीय? बाळ चांगलं गुटगुटीत आहे."

"बाळाला बघायला दुसरी बाई येते. मी आईला बघायला येते." मग नाक वर करून तिने विचारलं, "घेवड्यात एपासोतेचा पाला टाकलाय ना? जिन्यापर्यंत वास येतोय."

यावर मात्र दार सताड उघडलं.

सोफ्यावर बसलेल्या यारेलीने मान वर केली. दोन बस बदलून ती एकदा दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरांना तिची भाषा येत नव्हती; दुभाष्या फोनवरून बोलत होता. स्वतःचं बाळ उचलून घ्यावंसंच वाटत नाही, हे फोनच्या डब्याला कसं सांगायचं? 'सगळं ठीक आहे' म्हणून ती परत आली होती. ही बाई मात्र तिकडे मायदेशी, मिचोआकानच्या बाजारात भेटावी तशी बोलत होती.

"झोप लागते का गं?" रेमेदिओस तिच्याशेजारी टेकली.

"लागते तर. घोरते चक्क," सासूबाई म्हणाल्या.

"आणि जेवण?"

"तीन-तीन तोर्तिया."

"दोन्या, मी हिला विचारतेय."

"ती कुठे बोलतेय? म्हणून तिच्या वतीने मी सांगतेय."

यारेलीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आल्यामुळे तेही जरा बुजल्यासारखं झालं.

"बरं, रडू येतं का?"

"येतं ना," बाळाच्या दुपट्याची घडी घालता घालता सासूबाई म्हणाल्या. "भांडी घासताना. नळ मोठा सोडला की कुणाला ऐकू जात नाही."

बाळ झाल्यापासून त्यांनी यारेलीला गार पाण्याला हात लावू दिला नव्हता. घरातली सगळी भांडी त्याच घासत होत्या.

सासूबाईंनी घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

यारेली सोफ्यावर सरकली. "आई, इथे बसा ना." मग दुपट्याकडे बघत हळूच म्हणाली, "मला आंघोळ करताना येतं."

"बघा, एकीला भेटायला आले आणि दोघी भेटल्या," रेमेदिओस म्हणाली.

"मला काही झालेलं नाही. माझा मुलगा आता बाप झालाय."

"मग तो झाला तेव्हापासूनचं सांगा."

दोन्या कासिल्दांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग आत जाऊन घेवड्याखालचा गॅस बारीक केला आणि परत येऊन सुनेला खेटून बसल्या.

"लांबलचक आहे," त्या म्हणाल्या. "वेळ आहे का तुला?"

रेमेदिओसने पायातले बूट काढले.