भिंगरीचा आरसा

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकाल तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकण्यासारखी नाही. एका गादीवालीने सूड उगवायला सुई हातात घेतली आणि देवाने तिला तिच्याच टाक्यात कसं पकडलं, ते ऐका.

गादीवाली स्वतः व्हीलचेअरवर बसणारी. कमरेखाली अंग मुकं, पण हातांत अशी ताकद की चार ढकलीत गल्ली पार. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, फोमचे थर आणि खुर्चीवाल्यांना लागणारं सगळं सामान: तळव्याला चामडं लावलेले हातमोजे, बोटं आऱ्यांत जाऊ नयेत म्हणून चाकाला बसवायच्या चकत्या, खुर्ची मागे उलटू नये म्हणून लावायची छोटी टेकणी चाकं. पण नाव झालं होतं ते खुर्चीत बसायच्या गादीचं. ज्याला खालचं काही कळत नाही, त्याचा जीव गादीत असतो. फोम बसका निघाला की आतलं हाड कातडीला खातं आणि बसणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे तिला कळलं ते भिंगरी गेली तेव्हा. भिंगरी तिची जिवाभावाची मैत्रीण. लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या चाकाला होती! दोघी एकाच गाद्यांच्या कारखान्यात कामाला. मालकाने नमुन्यात चांगला फोम दाखवला आणि गाद्यांत भरला तो सामानाच्या खोक्यांतून निघणारा, टाकाऊ. वरून खोळ तीच. भिंगरीच्या गादीची खोळ तर हिच्याच हातची. आत काय आहे हे हिला कुठे ठाऊक?

भिंगरीला जखम झाली. लांब दांड्याच्या आरशात ती रोज मागचं बघायची. खुर्चीवाल्यांना बघावंच लागतं. तिने मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "पावडर लावा." जखम हाडापर्यंत पोचली, विष रक्तात उतरलं आणि भिंगरी गेली. आणि हा बाबा तिच्या आईसमोर काय बोलला? "आरसाच बघत नसणार हो. आळस, दुसरं काय!"

गादीवालीने काम सोडलं, आरसा आठवण म्हणून मागून घेतला आणि मालकावर जन्माचा दात धरला. एक नियमही केला: आपण शिवलेली प्रत्येक गादी आधी दिवसभर आपण वापरायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची.

नऊ वर्षांनी तिच्या उंबऱ्याला एक खुर्ची धडकली. खुर्चीत मालक! कारखान्याच्या माळ्यावरून पडून कणा मोडलेला. तळहाताला फोड, बाह्या टायरच्या मळाने काळ्या.

"बाई, आत येऊ का?"

"पुढची चाकं उचला, मालक. भार मागे टाका. अहो, इतका नाही! टेकणी चाकं न लावताच निघालात स्वारीला? उताणं झुरळ बघितलंय ना कधी?"

"हसा, तुमचा दिवस आहे," तो म्हणाला. "इस्पितळात सगळे म्हणतात, गादी घ्यावी तर तुमच्याकडूनच. आता झालं गेलं ते..."

"काय झालं गेलं?"

 तिने माप घेतलं. जाताना त्याने हळूच विचारलं, "जखम तर नाही ना होणार?"

"तुम्हाला कळणारसुद्धा नाही," ती म्हणाली.

तिने गादी शिवली. फार सुबक शिवली. आणि दोन थरांच्या मध्ये, बसायच्या डाव्या हाडाखाली नेमकी येईल अशी, मेणाच्या दोऱ्याची हरभऱ्याएवढी टणक गाठ ठेवली. खोळ चढवली. बाहेरून देवालाही दिसू नये.

पण घरचा नियम घरच्यांना पाठ! सकाळी धाकट्या बहिणीने नवी गादी ताईच्या खुर्चीवर ठेवलीसुद्धा. आता नको म्हणावं तर कारण काय सांगावं? थोडा वेळ बसू, मग काहीतरी निमित्त काढून उठू, असं ठरवून ती बसली. हातमोज्यांचं काम निघालं, दोन गिऱ्हाइकं आली, आणि ती विसरली. टोचलं असतं तर आठवलं असतं ना!

संध्याकाळी बहिणीने अंग तपासलं. "ताई, डावीकडे लाल झालंय गं. दाबलं तरी पांढरं होत नाही." मग म्हणाली, "भिंगरीताईचंही इथूनच सुरू झालं होतं ना?"

तीन दिवस गादीवाली पालथी पडून होती, डाग जाईपर्यंत. पालथं पडल्यापडल्याच तिने खोळ उसवली आणि गाठ कापून काढली. राग तसाच होता, उलट आता त्याला डोकंही आलं होतं.

मालक आला. तिने गादी त्याच्या मांडीवर ठेवली.

"हिच्यात मी गाठ घातली होती. डाव्या हाडाखाली."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मग?"

"काढली. दया आली असं समजू नका. तुम्ही लवकर सुटलेलं मला नको. पुष्कळ जगा, मालक." मग तिने लांब दांड्याचा आरसा पुढे केला. दांड्यावर लाल नेलपॉलिशने लिहिलं होतं: भिंगरी. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, यातच बघायचं. धरून धरून नाव पुसलं की इकडे या, मी पुन्हा रंगवून देईन."

त्याने आरसा घेतला.

"आणि गादी हवी असेल तर आत्ता भिंगरीच्या आईकडे चला. खरं काय ते सांगायचं. तिच्या दाराला सात पायऱ्या आहेत. तुम्हाला खालूनच ओरडावं लागेल."

"अहो, सगळी गल्ली ऐकेल!"

"ऐकू दे की."

दोन खुर्च्या त्या दारापुढे थांबल्या. म्हातारी कानाने कमी. पहिल्यांदा तिला ऐकूच गेलं नाही. "मोठ्याने," गादीवाली म्हणाली. तिसऱ्या वेळी खिडक्या उघडल्या. "फोम मी खराब भरला होता! तुमची मुलगी रोज आरसा बघायची!"

म्हातारी कठडा धरून सातही पायऱ्या उतरली. मालकाकडे तिने पाहिलंही नाही. त्याच्या मांडीवरचा आरसा उचलला, पदराने पुसला आणि परत तिथेच ठेवला.

तर बाबांनो, आता उठाल, घरी जाल, हातपाय धुऊन देवाचं नाव घ्याल. त्याच्या शेजारी एवढं एक वाक्य ठेवा: भिंगरी रोज आरसा बघायची.