भिंतीवरचा जयवंत

शूटिंगवाले घरी येणार म्हटल्यावर माणूस आधी काय करतो? घर आवरतो. सुलक्षणानंही तेच केलं आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. पडदे धुतले, ओटा घासला, मांडणीवरच्या डब्यांना चिंच लावून लखलखीत केलं, आणि श्वेता नावाची ती बॉबकटवाली मुलगी दारातच कपाळाला हात लावून उभी. "काकू, हे काय केलंत! आम्हाला होतं तस्संच घर पाहिजे होतं ना यार!" आता बोला! आलेल्या पाहुणीनं घर पुन्हा मळवायला सांगितलेलं तिनं अठ्ठावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं.

श्वेता त्या फिल्मची आर्ट डायरेक्टर. शिवाय कपडे तीच बघायची, फिल्मच्या नावाचं इन्स्टाग्राम तीच चालवायची आणि चहाचे कप पण तीच विसळायची. पैसाच नव्हता ना त्यांच्याकडे! डायरेक्टर प्रांजल तिशीतला, दाढी वाढलेला, बोलता बोलता बोटं मोडायची सवय. त्याला नाहूर-मुलुंडकडे एक जुनं वन-रूम-किचन हवं होतं. सुलक्षणाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघालेली, घरात अजून ती ठिपक्याठिपक्यांची मोझॅकची लादी, लाकडी मांडणी, भिंतीला तोच जुना फिका हिरवा रंग. बघताक्षणी पोरगा पागल झाला. शेजारच्या शुभाला फार वाटत होतं की आपलं घर घेतील. पण तिनं गेल्या दिवाळीत पीओपीचं सीलिंग करून त्यात निळे दिवे लावले होते. प्रांजलनं मान वर करून ते बघितलं, नमस्कार केला आणि बाहेर पडला.

तेव्हापासून शुभाचं तोंड वाकडं. "पितृपक्षात कोण शूटिंग सुरू करतं गं? वाट लागायची त्यांची."

सुलक्षणानं ते प्रांजलला सांगितलं तर तो हसला. "म्हणूनच तर काकू! पंधरवड्यात कोणी मोठा माणूस मुहूर्त करत नाही. कॅमेरे गोडाऊनला पडून असतात, आम्हाला अर्ध्या भाड्यात मिळतात. आमचे पितर पण समजून घेतील."

"आणि गोष्ट काय आहे तुझ्या सिनेमाची?"

"एक बाई असते. नवरा गेलेला. एकटी राहते."

"आणि?"

"राहते."

"दोन तास?"

"पावणेदोन."

"अरे मग तिकीट काढून कोण येईल? मी इथं फुकट दाखवते की!" सुलक्षणा म्हणाली आणि सगळे खो खो हसले. तीही हसली. त्या घरात चार माणसं एकदम हसल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्या रात्री तिनं चार जादाचे कप घासले आणि ते घासताना तिला फार बरं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी प्रांजल बाहेरच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. तिथं जयवंतचा फोटो होता. चौकडीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, वय सत्तावीस. फोटोला चंदनाच्या सालींचा तपकिरी हार.

"काकू, हा पण पाहिजे," तो म्हणाला. "आमच्या बाईचा नवरा म्हणून. मी कुठल्यातरी नटाचा फोटो टांगणार होतो, पण कोणी द्यायला तयार नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा म्हटलं की सगळ्यांची फाटते. सॉरी, म्हणजे घाबरतात. काका तर गेलेच आहेत. तुम्ही हो म्हटलंत की झालं."

सुलक्षणाच्या हातातली बशी टेबलावर जरा जोरातच आपटली. "उद्या सांगते," ती म्हणाली.

आता खरं काय ते सांगून टाकतो. जयवंत मेलाबिला काही नव्हता. पळाला होता.

लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. तेव्हा ही मंडळी लालबागला, सासऱ्यांच्या मिलमधल्या नोकरीवर मिळालेल्या खोलीत राहायची. जयवंत वापीला कंपनीत काम मिळालं म्हणून गेला. पहिल्या गणपतीला आला, दुसऱ्या गणपतीला आला नाही. मग गावच्याच एकानं येऊन सांगितलं की तिकडं त्यानं दुसरं घर केलंय. सुलक्षणा दोन दिवस भिंतीला टेकून बसली. सासू मात्र देवगडची, नारळ फोडावा तशी बोलायची. तिनं ट्रंक उघडली, स्थळ चालून आलं तेव्हा मुलीकडे पाठवायला काढलेला मुलाचा फोटो शोधला, मोठा करून आणला, खिळा ठोकला आणि हार घातला.

"माजो झील माका मेलो," ती म्हणाली. "आता हयसून आपण दुसरीकडे जावया. थय लोक इचारतले, तर मेलो म्हणान सांग. मेलेल्याची बायल मानान ऱ्हवता बाये. टाकलेल्येक कुत्रोव इचारणा नाय."

सुलक्षणा गंधाची वाटी घेऊन पुढं झाली तसा म्हातारीनं तिचा हात धरला. "हार चलात, पण गंध नको. जित्या माणसाक गंध लावलंस तर खरोच जातलो."

एवढं म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. आई ती आईच, नाही का?

दोघी नाहूरला आल्या. सुलक्षणा औषधाच्या दुकानात काउंटरला लागली. पुढं म्हातारी गेली, नोकरीही संपली. राहिली सुलक्षणा आणि भिंतीवरचा जयवंत. एकटेपणाची सवय होते म्हणतात. थापा आहेत सगळ्या. एका माणसाचा भात करून बघा एकदा, पातेल्याच्या बुडाला चिकटतो नुसता. संध्याकाळी ती टीव्ही लावून ठेवायची, बघायला नाही, आवाजाला. आणि त्या आवाजात फोटोकडं बघून जयवंतशी भांडायची. "मेल्या, एकदा ये तर खरा समोर." शेजाऱ्यांना वाटायचं बाई नवऱ्याच्या आठवणीत बोलते. हळहळायचे बिचारे.

म्हणून तिला ती रात्र जड गेली. फोटो दिला नाही तर पोरं कारण विचारणार. कदाचित घरच बदलणार, आणि पुन्हा ती चार भिंतींत. दिला तर जयवंत कुठंतरी बघणारच. आपल्या फोटोला हार! तो उठून येईल, बिल्डिंगभर तमाशा करेल, इतक्या वर्षांचं तिचं सौभाग्यहीन मोठेपण मातीत जाईल. शुभाला तर चघळायला वर्षभर पुरेल.

आणि पहाटे कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपण घाबरलेलो नाही. आपल्याला तेच पाहिजे आहे. येऊ दे की. भांडायला का होईना, येईल तर. दारात उभा राहील, पिकलेला, पोट सुटलेला, म्हणेल, "काय गं, मला मारलंस होय?" मग ती म्हणेल, "तू कुठं जगत होतास माझ्यासाठी?" हे वाक्य तिनं तीन-चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. मग उठून आंघोळ केली आणि साडी जरा बरी नेसली.

"घे फोटो," तिनं प्रांजलला सांगितलं. "पण भिंतीवरून हलवायचा नाही."

मग लूक टेस्ट झाली. म्हणजे शूटिंगच्या आधी नटीला कपडे घालून, त्याच जागी उभी करून फोटो काढतात, दिसतंय कसं ते बघायला. नटी माधुरी नाटकातली, स्वभावानं मोकळी. तिला सुलक्षणाचीच एक विटकी साडी नेसवली. माधुरी फोटोसमोर उभी राहिली आणि एकदम वळून म्हणाली, "काकू, तुम्ही बोलता का हो ह्यांच्याशी?"

"शिव्या घालते."

"का?"

"आधी गेला म्हणून," सुलक्षणा म्हणाली. खोटं तरी कुठं होतं ते?

श्वेतानं त्यातला एक फोटो फिल्मच्या पानावर टाकला. पाठमोरी माधुरी, समोर भिंतीवर जयवंत. खाली स्वतःचा नंबर, कारण ऑफिस नव्हतंच. "काकू, झकास चाललाय! लोक शेअर करतायत." सुलक्षणानं विचारलं, "वापीला दिसतं का हे?" श्वेता म्हणाली, "अमेरिकेत दिसतं, वापी काय घेऊन बसलात!"

त्यानंतर सुलक्षणाचा कान श्वेताच्या फोनकडं लागला. वाजला की ती स्वयंपाकघरातून डोकवायची. लाईटवाला असायचा, नाहीतर जेवणाच्या डब्यांचा हिशेब विचारणारा कोणी. पोरं भिंतीवर टेप लावून खुणा करत होती, फ्रीज बंद केला की घरात किती शांत होतं ते कान देऊन ऐकत होती. प्रांजल म्हणाला, "काय शांतता आहे तुमच्या घरात काकू! लकी आहोत आम्ही." शांततेचं कौतुक करणाऱ्याला सांगणार काय? पण तिनं सगळ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ करून घातली, आणि प्रत्येकानं दुसऱ्यांदा मागून घेतली.

शूटिंगच्या आदल्या दिवशी दुपारी श्वेता फोन घेऊन आत आली. "काकू, कोणीतरी मॅडम आहेत. फोटोबद्दल विचारतायत. मी म्हटलं घरच्यांशीच बोला."

सुलक्षणानं हात पुसले, फोन घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"नमस्कार. मी रुचिरा बोलते, वापीहून," तिकडून तरुण आवाज आला. "तो भिंतीवरचा फोटो तुम्हाला कुठं मिळाला हो? ते माझे बाबा आहेत. आमच्याकडे तोच फोटो आहे, त्यांच्या पेटीतला. तोच चौकड्यांचा शर्ट."

मुलगी. त्याला मुलगी आहे. गोड आवाजाची आहे.

"बाबांना विचार की," सुलक्षणा कशीबशी म्हणाली. "त्यांनाच दे फोन."

"बाबा नाहीत हो. कोरोनात गेले ते, पाच वर्षं झाली. परवाच पंचमीला त्यांचं पान ठेवलं आम्ही, आणि आज हे बघितलं. आई मघापासून रडतेय."

कुकरची शिट्टी झाली. सुलक्षणानं हात लांब करून गॅस बंद केला. पाच वर्षं. पाच वर्षं ती रोज संध्याकाळी त्याला ये म्हणत होती, आणि तो कुठं येणार होता? जगाला मेला म्हणून सांगितलं, ते खरं होऊन बसलं आणि हिलाच कळवायला कोणी नव्हतं. का कळवावं? टाकलेलीला कोण विचारतं!

"हॅलो? तुम्ही कोण त्यांच्या?" रुचिरानं विचारलं.

तोंडाशी आलं होतं. तीन-चार तऱ्हांनी घोकलेलं वाक्यही तिथंच होतं. पण तो आवाज पंचविशीतल्या पोरीचा होता, मागं कोणीतरी मुसमुसत होतं.

"मी कोणी नाही गं," सुलक्षणा म्हणाली. "घर माझं आहे, शूटिंगला दिलंय. फोटो जुन्या सामानात होता. आधी लालबागला राहायचो आम्ही. तिथलाच असेल." मग तिला राहवलं नाही. "जाताना फार त्रास झाला का त्यांना?"

"माहीत नाही हो," पोरगी म्हणाली. "आत सोडलंच नाही कोणाला. शेवटचं तोंडही बघितलं नाही आम्ही."

"आम्ही पण," सुलक्षणाच्या तोंडून निघून गेलं. मग सावरून म्हणाली, "आमच्याकडे पण असंच झालं होतं. फोटो काढून टाकायला सांगू का?"

पलीकडं हलक्या आवाजात काहीतरी विचारणं झालं. "आई म्हणते, राहू दे. चांगले दिसतायत."

फोन ठेवल्यावर तिनं तो श्वेताला नेऊन दिला. "ओळखीतला माणूस वाटला त्यांना. हरकत नाही म्हणाल्या." श्वेतानं हुश्श केलं आणि पुन्हा टेप चिकटवायला लागली.

सुलक्षणा न्हाणीघरात गेली. आपलं माणूस गेल्याची बातमी कितीही उशिरा येवो, कळली की डोक्यावरून पाणी घ्यायचं. सासूनं शिकवलं होतं ते. तिनं बादलीभर गार पाणी तसंच साडीसकट डोक्यावर ओतलं. नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात मनसोक्त रडली. बाहेर प्रांजल कोणाला तरी सांगत होता की नळाचा हा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करून ठेवू.

ती बाहेर आली ती ओल्या केसांनी, साडी बदलून. "भर दुपारी आंघोळ काकू?" माधुरीनं विचारलं.

"उकडत होतं."

देवाजवळची सहाण घेऊन तिनं गंध उगाळलं. स्टुलावर चढली. चंदनाचा जुना हार जरा बाजूला केला आणि काचेवर, जयवंतच्या कपाळाच्या मधोमध, अनामिकेनं गंध टेकवलं. मग तशीच उभी राहिली, भिंतीला धरून. भांडायला आता समोर कोणी नव्हतं.

श्वेता हातातल्या मोबाईलवरचा फोटो आणि भिंतीवरचा फोटो आलटून पालटून बघत आली. "काकू, हे गंध कुठून आलं? लूक टेस्टला नव्हतं!"

"हो गं," सुलक्षणा म्हणाली. "लावायचं राहून गेलं होतं."