मी आणि तिची गाठ

मित्रांनो, मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली एक जुनी काचपट्टी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा आरपार स्वच्छ होते. डबीत दाटीवाटीने पडून मी उजेडाची वाट पाहत असे.

एके दिवशी इस्पितळातल्या तपासणीच्या खोलीत मला बाहेर काढलं. समोर एक शिवणकाम करणारी बाई अंग चोरून पडली होती. तिच्या छातीत गाठ होती. तिने ते घरात कळूच दिलं नव्हतं. जावेनेच तिला ओढत आणलं होतं.

तरुण डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई टोचली आणि सुईत आलेल्या पेशींचा थेंब माझ्यावर पसरला. मला जांभळ्या रंगात बुडवलं, वर पातळ काच चिकटवली. झालं! माझा जीव गुदमरला. त्या पेशी आणि मी कायमच्या एकमेकींना जखडलो.

"स्तनाचा कर्करोगच दिसतोय," तरुण डॉक्टर म्हणाले. स्तन काढायचं ठरलं.

माझ्या अंगावरच्या पेशी तर एकमेकींना धरून नव्हत्या! ओरडावंसं वाटलं, पण काचेला कंठ कुठला? मी ट्रेमध्ये मुकाट पडून राहिले.

शस्त्रक्रियेआधी मोठ्या डॉक्टरबाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मला इकडून तिकडे सरकवून पाहिलं आणि तरुण डॉक्टरांना हाक मारली.

"इकडे या हो जरा. स्तनाच्या कर्करोगात पेशी बहुधा घोळक्याने दिसतात. या बघा, सगळ्या सुट्या. मला लिम्फोमाची शंका येते."

"पांढऱ्या पेशींचा कर्करोग? छातीत?"

"क्वचित होतो. तो असला तर स्तन काढावा लागत नाही, औषधांनी भागतं. पण एवढ्यावर ठरवायचं नाही. जाड सुईने तुकडा घेऊन खास तपासणी करू. तोवर कापाकापी थांबवा."

बाईला पुन्हा आणलं. मी तिथेच टेबलावर होते.

"आता आणखी काय निघालं?" ती रडवेली झाली.

"तू गप पड बघू," जाऊ तिचा हात धरून म्हणाली. "इतके दिवस एकटीच सोसलंस. आता मी आहे ना!"

डॉक्टरबाईंची शंका खरी ठरली. शस्त्रक्रिया टळली, औषधं सुरू झाली. केस गेले, अन्नाची चव गेली, पण गाठ हळूहळू विरघळली.

मला मात्र कपाटाच्या खणात बंद केलं. तेव्हापासून मी अंधारात आहे. मित्रांनो, घरात कुणी दुखणं लपवत असेल, तर जवळ बसून त्यांना बोलतं करा. आणि उद्या तुम्ही डॉक्टर झालात, तर आम्हा मुक्या काचांकडे घाईने पाहू नका.

त्या बाईच्या अंगात आता तो आजार नाही. तो माझ्यापाशी आहे, आणि मी त्याला सोडणार नाही.