चौदा तुकड्यांची फळी आणि गफूरची दाढी

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी फळी आहे आणि चौदा तुकड्यांत राहते. दुधाच्या पावडरीच्या डब्यात माझं बिऱ्हाड आहे. डबा कुणी जरा हलवला की मी खडखडते. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. आणि ज्या दिवसांची गोष्ट मी सांगते आहे, ते दिवसही कुणाला स्वस्थ बसू देणारे नव्हते.

मी जन्माने खोक्याची फळी. हॉस्पिटलचं काचसामान घेऊन जहाजाने दम्मामला उतरले आणि ट्रकने रियाधच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात आले. माझ्या अंगावर काळ्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत ‘हँडल विथ केअर’ असं छापलं होतं. म्हणजे जपून हाताळा. पण हमालांनी मला कसं आपटलं म्हणून सांगू! गोदामाचा सुतार गफूर याने खोकं फोडलं आणि मला जाळायच्या ढिगाकडे नेता नेता तो थांबला. अंगठ्याने माझी अक्षरं चाचपली. मग करवत घेऊन एकेक अक्षर वेगळं कापलं. दुखलं का? दुखलं. पण आगीत जाण्यापेक्षा चौदा तुकडे बरे.

गफूर दाभोळच्या खाडीकाठचा. शाळा चौथीतच सुटलेली. त्याची मुलगी लाइबा दहा वर्षांची. ती रियाधच्या इंग्रजी शाळेत जायची आणि बापाला फाडफाड इंग्रजीत उत्तरं द्यायची. तिच्यासाठी त्याने माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या. घरात खेळ ठरला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत माझ्या चौदा अक्षरांतूनच जितके होतील तितके शब्द लावायचे. लाइबाची अम्मी आमिना हिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती पंच. दर शब्दाला एक चिंचोका. आणि हरेल त्याने जिंकणाऱ्याचं एक म्हणणं ऐकायचं, त्यात माघार नाही.

काय दिवस होते ते! लाइबा माझ्यातून ‘वॉटर’ काढायची, ‘चेअर’ काढायची, ‘चाइल्ड’ काढायची. एकदा तिने पाच तुकड्यांचा ‘अर्थ’ लावला, म्हणजे पृथ्वी. मग त्यातला शेवटचा ‘एच’ उचलून पुढे ठेवला, तर त्याचंच ‘हार्ट’ झालं, म्हणजे काळीज! गफूर तोंडात बोट घालून बघत राहिला. त्याला स्वतःला ‘हँडल’, ‘विथ’ आणि ‘केअर’ एवढंच लावता यायचं.

“अब्बा, दॅट्स चीटिंग! ते तर खोक्यावरच होतं!” लाइबा ओरडायची.

“अगं, माझी सगळी इंग्रजी शाळा खोक्यावरच झाली,” तो म्हणायचा. दर वेळी हरायचा आणि दर वेळी बोलीला जागायचा. कधी आइसक्रीम आणायचा, कधी घोडा होऊन तिला पाठीवर फिरवायचा.

मग १९९० चा ऑगस्ट आला. इराकने कुवेत घेतलं आणि घरातलं हसणं कमी झालं. रेडिओ दिवसभर चालू. शेजारची दोन बिऱ्हाडं सामान बांधून निघून गेली. गफूरचा पासपोर्ट त्याच्या कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, अडकलेला. आणि मालक म्हणे, आधी काम, मग रजा. ऑक्टोबरात गफूरने दाढी वाढवायला घेतली. “आता वय झालं, शोभते,” म्हणाला. शोभत असेल बुवा, आपल्याला काय कळतंय!

जानेवारीत गोदामातून मास्क मिळाला, विषारी वायूपासून वाचवणारा. कामगारामागे एकच. शेजारी अर्चनाताई राहायच्या, मूळच्या सांगलीच्या, सरकारी हॉस्पिटलात नर्स. तो कसा लावायचा ते दाखवायला त्या आल्या. लाइबासाठी त्यांनी लहान मास्क कुठूनसा मिळवून आणला होता.

“गफूरभाई, तुम्ही मात्र दाढी काढा,” त्या म्हणाल्या. “केसांवर रबर बसत नाही, बाजूने हवा शिरते.”

“मग राहू दे. आमिनाला होईल माझा.”

“अहो, दाढीचं काय घेऊन बसलात? जीव मोठा की दाढी?”

“नाही जमणार, ताई,” गफूर म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला.

अम्मी खिडक्या-दारांना टेप लावून घरात बसते, पण अब्बा दिवसभर उघड्यावर ट्रक उतरवतात; मास्क त्यांनाच हवा, असा लाइबाचा सरळ हिशेब. पोरीने चार दिवस विनवण्या केल्या, अबोला धरला, जेवणं टाकली. गफूर ढिम्म. शेवटी एका संध्याकाळी तिने डबा उपडा केला आणि मला चटईवर ओतलं.

“अब्बा, खेळा!”

असा खेळ मी कधी पाहिला नव्हता. तिची नखं माझ्या कडांत रुतत होती. तिसरी शिट्टी झाली. आमिनाने चिंचोके मोजले. लाइबाचे अकरा, गफूरचे तीन.

“आता दाढी काढायची,” लाइबा म्हणाली.

“दुसरं काहीही माग, बेटा.”

“माघार नाही म्हणून तुम्हीच ठरवलंय!”

“दुसरं माग.”

गफूर बोलीला जागला नाही, हे पहिल्यांदाच घडलं. लाइबाने दोन्ही हातांनी मला भिरकावून दिलं. माझे तुकडे चारी कोपऱ्यांत उडाले आणि तेवढ्यात सायरन वाजला. तो आवाज, मित्रांनो, लाकडालाही सोसवत नाही.

आमिनाने गॅस बंद केला. ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबला. गफूरने आधी लाइबाला मास्क चढवला, मग आपला आमिनाच्या तोंडावर दाबला. तिने तो हिसडून काढला.

“धर नीट! माझ्या दाढीवर नाही बसत,” तो ओरडला.

“पुरे झालं त्या दाढीचं!” आमिना म्हणाली. “कामगारामागे मास्क एकच मिळणार, हे तुम्हाला कळलं कधी? ऑक्टोबरात. आणि ही दाढी सुरू झाली कधी? मला इंग्रजी येत नाही, पण चिंचोके मोजता येतात!”

गफूरने मान खाली घातली आणि मला सगळं कळलं. लाइबालाही कळलं. ती मास्कच्या आत हुंदके देऊ लागली.

आमिनाने तो मास्क खिळ्याला अडकवला. “लावला तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही,” म्हणाली. आपली ओढणी भिजवून तिने अर्धी त्याच्या नाकातोंडावर धरली, अर्धी स्वतःच्या. लाइबा दोघांच्या मधे शिरली. दूर कुठेतरी धडाड झालं, भांडी खणखणली. तिच्या हाताला जमिनीवरचा माझा ‘एच’ लागला होता. तो तिने मुठीत इतका आवळला की तळव्यावर वळ उठला. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत तिने मला सोडलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी लढाई थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी गफूर आरशापुढे बसला आणि साबण लावून सगळी दाढी उतरवली. लाइबा दारात उभी राहून बघत होती.

“आता कशाला काढलीत?”

“हरलो होतो ना मी? बोली पुरी करायची राहिली होती.” त्याने गाल पुसले. “आणि आता मास्क कुणालाच लागत नाही.”

लाइबा धावत जाऊन त्याच्या गुळगुळीत गालाला बिलगली आणि पोटभर रडली.

त्याला खूप वर्षं झाली. लाइबा आता रत्नागिरीत पोरांना शिकवते. तिच्या माळ्यावर मी धूळ खात पडले आहे. बिऱ्हाडं हलवताना माझा ‘डब्ल्यू’ कुठे हरवला, कुणी शोधलाही नाही. माझ्याशी कुणी खेळत नाही, म्हणून मी आतल्या आत चुळबुळते. गफूर गेला, त्याला तीन वर्षं झाली. तो गेला त्या दिवशी लाइबा माळ्यावर चढली होती. तिने माझा ‘एच’ मुठीत धरला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जो म्हणतो, मला भूक नाही, मला थंडी वाजत नाही, मला हे आवडत नाही, तूच घे. त्याचं लगेच खरं मानू नका. जरा जवळ बसा, तोंडाकडे बघा आणि चिंचोके मोजा.