सावळाराम महाराजांचं पायताण

हिर्डोशीच्या शाळेपुढचा मांडव माणसांनी फुलून गेला होता. वाड्यावस्त्यांवरून लोक पायी आले होते, कारण मंत्र म्हणत, फेऱ्या मारत, शेवटी पायताण हुंगवून फिट उतरवणाऱ्या सावळाराम महाराजांना आज ‘मिरगी-संशोधनरत्न’ पुरस्कार मिळणार होता. त्यांच्या संशोधन केंद्रासाठी वर्गणीही गोळा झाली होती. संशोधन कसलं, एवढं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

पुरस्कार द्यायला दीपमालाला बोलावलं होतं. ती भोरची, मिरगीवरच संशोधन करणारी आणि त्यासाठी गावोगाव रुग्णांची नावं नोंदवून पाहणी करणारी; नुकताच तिला पुण्यात पुरस्कार मिळाला होता. तिच्या हातची शाल अंगावर पडली की महाराजांचं वजन वाढणार, हा आयोजक कुंडलिकरावांचा हिशेब. ती मात्र आली होती राजनंदिनीसाठी. या शाळकरी पोरीच्या गोळ्या महाराजांनी बंद करायला लावल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

“म्याडम, दोन शब्द चांगलं बोला,” कुंडलिकराव कुजबुजले. “तुमच्या पाहणीला आख्खं गाव नावं देईल. न्हाईतर कुणी दारात उभं करणार न्हाई.”

पाहणी बुडाली की पुढचं अनुदानही बुडणार होतं. दीपमालाने शाल उचलून मांडीवर घेतली.

महाराज माईकवर गरजले, “गोळ्या म्हंजी इख! ह्या चामड्यात देवीचं बळ हाय. ह्याच्याबिगर फिट सुटलीय का कुणाची?”

टाळ्या पडल्या. एवढं बळ असलेल्या पायताणाचा अंगठा दोनदा शिवलेला होता, ती गोष्ट वेगळी.

तेवढ्यात पुढच्या रांगेत राजनंदिनी कोसळली. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. महाराजांनी पायताण काढलं आणि सावकाश मंत्र सुरू केला. दीपमाला स्टेजवरून उतरून आडवी उभी राहिली.

“पायताण लावायचं नाही!”

“पोर मरंल की!” पोरीची आई रतनबाई किंचाळली. “लावू द्या वो!”

“रतनताई, मलाही फिट येतात. रोज गोळी घेते, म्हणून उभी आहे. फिट लांबली तर गाडी तयार आहे, लगेच भोरला नेऊ. पण हे नाही.”

तिने पोरीला कुशीवर वळवलं, शाल डोक्याखाली सारली आणि मोबाईलवर वेळ मोजायला सुरुवात केली. लोक शिव्या घालत होते, महाराज देवीच्या कोपाची धमकी देत होते. दीपमाला जागची हलली नाही.

झटके मंदावले, थांबले. काही वेळाने पोरीने डोळे उघडले. “आये,” म्हणाली.

पायताण महाराजांच्या हातातच होतं.

“बघितलंत?” दीपमालाने माईक घेतला. “बहुतेक वेळा फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठायचा. महाराजांचे मंत्र आणि फेऱ्या होईपर्यंत ती सरत आलेली असते, आणि श्रेय मिळतं चामड्याला! गोळ्या एकदम बंद केल्या की मात्र फिट अशी उसळून येते.”

“तुमची पाहणी आता इसरा!” कुंडलिकराव भडकले.

“विसरले. पण संशोधन म्हणजे आपलंच चुकतंय का, हे आधी तपासणं. महाराजांनी एकदा तरी पायताण न लावता थांबून पाहिलं असतं, तर ही शाल मी आनंदाने दिली असती. तुम्हीही तपासा. माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका.”

महाराजांनी आपली शाल ओढायला हात घातला. रतनबाईने तो झटकून टाकला.

“ऱ्हाऊ द्या. पोरीच्या उशाला हाय ती.” मग ती दीपमालाकडे वळली. “म्याडम, गोळ्या म्या नीरा नदीत टाकल्या. नव्या कुठं मिळत्याल? आन तुमच्या पाहणीत पयलं नाव माझ्या पोरीचं लिवा.”