एक वॅट

शनिवारी दुपारी ओटाव्याच्या विज्ञान संग्रहालयात बबनराव त्या जुन्या ॲल्युमिनियमच्या पिंपासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली. धम्मप्रियाला हे नवं नव्हतं. नागपूरहून आलेला तिचा बाप जन्मभर अणुभट्ट्यांवर राबला होता. बावीस प्रतिज्ञा पाळणारा माणूस. कुठल्या देवळात कधी वाकला नाही.

"बाबा, गार्डला वाटेल, देव मानता याला."

"देव असता तर आलोच नसतो!"

मग नेहमीची गोष्ट सुरू झाली. "नागासाकी जळून महिनासुद्धा झाला नव्हता, धम्मा. बॉम्बचं प्लुटोनियम घडवायचं कसं, ते शिकायला इथून वरच्या अंगाला, नदीकाठच्या जंगलात माणसं ही भट्टी घेऊन बसली होती. आत युरेनियमच्या कांड्या टांगलेल्या. जड पाणी चढवत नेलं, हळूहळू. ठरल्या उंचीला आलं, आणि पेटली! अमेरिकेबाहेरची पहिली. ताकद किती? एक वॅट. तुझ्या फ्रिजमधला दिवा हिच्याहून मोठा." त्यांचा आवाज खाली आला. "शहराची राख करणारा विस्तव, पोरी, आणि माणसानं तो एवढासा धरून ठेवला. पाणी खाली सोडून दिलं की गप्प. पाण्यानं विस्तव विझतो ना? इथे पाणीच पेटवतं. का, ते कळलं का?"

"कळलं, बाबा. चला, पार्किंग संपतंय."

त्यांनी टोपी घातली.

हे 'कळलं' ती शाळेपासून म्हणत आली होती. घर पुस्तकांनी भरलेलं. कळलं नाही म्हणायची जिभेला सवयच नव्हती.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिने हाक मारली. बेसमेंटमधल्या बाबांच्या खोलीतून ओ आली नाही.

बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाला इथल्या बौद्ध मंडळाचे लोक आले, त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. ती 'हो' म्हणत राहिली. सगळे गेल्यावर तिने बाबांच्या कपाटातलं भट्ट्यांवरचं जाड पुस्तक काढलं. त्या 'का'चं उत्तर त्यात असणारच. न उघडता तिने ते जागेवर ठेवलं.

पुढच्या शनिवारी ती एकटीच संग्रहालयात गेली. पिंप तसंच होतं, रिकामं, माणसाच्या उंचीहून मोठं. याच्या तळातून पाणी वर चढताना माणसं कशी श्वास रोखून उभी असतील, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तिचा हात आपसूक डोक्याकडे गेला, टोपी निघाली.

गार्ड बघत होता. बघू दे.

"नाही कळलं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "कधीच कळलं नव्हतं. पाण्यानं विस्तव कसा पेटतो? सांगा ना."